गिअरची सायकल

गिअरची सायकल घ्यायची म्हणतोय, असं पुण्यात चारचौघांत बोललं की दोन प्रश्न येतात. पहिला ‘कशाला?’ आणि दुसरा ‘केवढ्याला?’ पहिल्याचं उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही. दुसऱ्याचं ऐकल्यावर मात्र समोरचा माणूस खुर्ची ओढून बसतो. ‘अहो, एवढ्यात स्कूटर आली असती.’ जुनी का होईना, आली असती, हे खरंच आहे. माझ्या वडिलांच्या काळ्या सायकलला महापालिकेचा बिल्ला होता, डायनामो होता, मागे कॅरिअर होतं, चेनला पत्र्याचं कव्हर होतं आणि आईला मागे बसवून ते त्या सायकलवरून सारसबागेच्या गणपतीला जात. मला हव्या असलेल्या सायकलीला यातलं काहीच नव्हतं. कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटीसुद्धा नाही. ‘म्हणजे पैसे जास्त आणि सामान कमी,’ असा हिशोब बायकोने मांडला, आणि हिशोबात खोट काढायला जागा नव्हती.

डोंगरावर जायच्या सायकलीची तऱ्हाच अशी. तिचं जे डोळ्यात भरतं त्याचा उपयोग बेताचा, आणि उपयोगाचं जे असतं ते दिसत नाही. नवशिका माणूस दुकानात जातो तो फक्त डोळे घेऊन. कान, गुडघे आणि बूड यांना तो घरीच ठेवून येतो. पुढची सगळी वर्षं सायकलशी संबंध येतो तो मात्र या तिघांचाच.

आता सायकलचं दुकान म्हणजे काचेचा दरवाजा, एसी, आणि भिंतीवर बर्फाच्या कड्यावरून हवेत झेपावलेला एक दाढीवाला. आत शिरलं की नजर आधी जाते ती मागच्या बाजूला जाडजूड स्प्रिंग असलेल्या सायकलीकडे. पुढे शॉकअप, मागे शॉकअप, भडक रंग, नळ्यांवर हातभर अक्षरं. विक्रीला उभा असलेला मुलगा सीटवर तळहात दाबून दाखवतो. सायकल खाली जाते, वर येते. ‘खड्डा कळणारच नाही सर!’ पुण्यातल्या माणसाला याहून मोठं आश्वासन देता येत नाही.

महागड्या सायकलींतलं मागचं सस्पेन्शन हे फार डोकं लावून केलेलं काम असतं. सांधे कुठे ठेवायचे, पायडलचा जोर स्प्रिंगमध्ये वाया कसा जाऊ द्यायचा नाही, यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत आणि त्याचे पैसे लाखांत मोजावे लागतात. स्वस्त सायकलीला ती स्प्रिंग नुसती अडकवलेली असते. चढावर आपण पायडल मारतो तेव्हा जोर आधी स्प्रिंग दाबण्यात खर्च होतो आणि उरलासुरला चाकाच्या वाट्याला येतो. वाळूत चालताना पाऊल पुढे जाण्याआधी खाली जातं, तसं. वर दोन-तीन किलो लोखंड जास्तीचं. नवशिक्याने ही सायकल घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, आणि कोणी विचारलं नाही तरी मी ते सांगतो. फक्त पुढे शॉकअप असलेली, मागून साधी सायकल घ्यावी. पुढच्या शॉकअपची 100 मिलिमीटरची उडी आपल्या मुरमाच्या वाटांना भरपूर होते. तो आवळून बंद करायची सोय हँडलवर किंवा फोर्कच्या डोक्यावर असेल तर डांबरी चढाला डोलणं थांबतं.

मग गिअर. ‘एकवीस आहेत सर.’ पुढे तीन चक्रं, मागे सात, गुणाकार बरोबर. पण त्यातले पुष्कळसे एकमेकांचे जुळे भाऊ असतात. पुढचं मोठं चक्र आणि मागचं मोठं चक्र हे जे पायाला देतं, जवळपास तेच मधलं आणि मधलं देतं. वर मोठ्याला मोठं लावलं की चेन तिरकी ताणली जाते आणि कुरकुरते ती वेगळीच. हल्ली चांगल्या सायकलींनी पुढची तीनातली दोन चक्रं काढूनच टाकली आहेत. पुढे एक आणि मागे नऊ, दहा किंवा बारा. म्हणजे इथेही पैसे जास्त आणि आकडा लहान. ही बातमी मी घरी सांगितली नाही.

खरे पैसे जिथे घालावेत त्या गोष्टी दोनच, ब्रेक आणि माप. पावसात रिमवर दाबणारे रबरी ब्रेक आधी पाणी पुसतात आणि मग धरतात. तोवर आपण जिथे थांबायचं ठरवलं होतं ती जागा मागे गेलेली असते. डिस्क ब्रेकला हा त्रास फार कमी. तारेवर चालणारा डिस्क ब्रेक रस्त्याकडेचा कारागीरही जुळवून देतो. तेलावर चालणारा दोन बोटांत थांबवतो, पण त्यातलं तेल बदलायला जाणता माणूस लागतो. नव्या डिस्कला पहिल्या दिवशी चावा नसतो. मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, ब्रेक दाबून, पूर्ण न थांबता, असं पुन्हा पुन्हा केलं की पॅड डिस्कला बसतात. हे दुकानात कोणी सांगत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ‘ब्रेक लागत नाहीत’ म्हणून भांडायला येतं. आणखी एक. आपल्याकडच्या सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असायची रीत आहे. काही देशांत तो डाव्या हाताला असतो आणि काही सायकली तशाच येतात. कोणता हात कोणतं चाक धरतो, हे उतारावर कळण्यापेक्षा दुकानाच्या दारात कळलेलं बरं.

मापाच्या बाबतीत आपल्या सगळ्यांच्या आया आडव्या येतात. लहानपणी सायकल घेताना आईची अट एकच असते, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ही अट माणूस पन्नाशीपर्यंत पाळतो. पण डोंगरावरच्या सायकलीचं पायडल दगडाला आपटू नये म्हणून मुद्दाम उंच बसवलेलं असतं. सीटवर बसून दोन्ही पाय सपाट टेकत असतील तर सीट फारच खाली आहे, आणि महिन्याभरात गुडघे तसं लेखी कळवतात. साधी पद्धत अशी: भिंतीला हात धरून सीटवर बसायचं, पायडल अगदी खाली न्यायचं आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला की उंची जमली. चालवताना टाचेऐवजी पंजा येतो आणि गुडघ्यात हवा तेवढा वाक राहतो. आणि खाली उतरून दांडीच्या दोन बाजूंना पाय ठेवून उभं राहिलं तर दांडी आणि आपण यांत दोन इंचांचं तरी अंतर हवं. या अंतराचं महत्त्व ज्याला कळायचं त्याला एकदाच कळतं.

चाकांच्या मापांवरून मात्र फार झोप उडवून घेऊ नये. 26 इंची मागे पडलं, 27.5 आणि 29 पुढे आले. मोठं चाक दगडावरून सहज जातं, लहान चाक पटकन वळतं. उंच माणसाने मोठं घ्यावं, ठेंगण्याने मधलं, आणि चहा प्यावा.

ज्यांनी हा उद्योग सुरू केला त्यांना निवडीचा ताप नव्हता. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट तामालपाइसच्या आसपास, काही केस वाढवलेली पोरं भंगारातून 1930-40 च्या सुमाराच्या जाड टायरच्या सायकली गोळा करायची. कधीकाळी पेपर टाकणाऱ्या पोरांच्या असाव्यात तसल्या, अवजड आणि बिनगिअरच्या. त्या ट्रकमध्ये घालून डोंगरावर न्यायच्या आणि वणवा विझवण्यासाठी काढलेल्या कच्च्या रस्त्याने खाली सोडायच्या. ब्रेक एकच, मागच्या हबमध्ये, पायडल उलटं दाबून लागणारा. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर सुमारे 400 मीटर खाली येईस्तोवर तो हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा, आणि पुन्हा वर जायचं तर हब उघडून नवं ग्रीस ठासावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराला ‘रिपॅक’ नाव पडलं. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथे पहिली शर्यत झाली. ॲलन बाँड्स जिंकला. भाग घेतलेल्यांत न पडता खाली पोचलेला तोच एक, असं सांगतात.

त्याच टोळीतल्या जो ब्रीझने 1977 मध्ये खास या कामासाठी पहिली चौकट घडवली. 1979 मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीने केलेल्या चौकटींवर सायकली बांधून विकायचा धंदा काढला. 1981 मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ कंपनीची ‘स्टंपजंपर’ बाजारात आली तेव्हा हा माल कारखान्यातून निघायला लागला, आणि 1996 मध्ये अटलांटाच्या ऑलिम्पिकमध्ये या सायकलींची शर्यत झाली. भंगारापासून ऑलिम्पिकपर्यंत वीस वर्षं. मला यात आवडतं ते एवढंच की ही मंडळी खेळाडूइतकीच मेकॅनिकही होती. खाली आलं की हात ग्रीसमध्ये, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. आपल्याकडे उलटं होतं. सायकल घेतली की हेल्मेट येतं, हातमोजे येतात, पाठीला खिसे असलेला शर्ट येतो, मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ येतं. चिंधी आणि तेलाची बाटली येत नाही.

गिअरची किंमत कळते ती टेकडीवर. पुढे 22 दात्यांचं चक्र आणि मागे 34 दात्यांचं, अशी सर्वांत हलकी जोडी लावली तर पायडलच्या पूर्ण फेऱ्यात मागचं चाक दोन तृतीयांशही फिरत नाही. 27.5 इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आत. म्हणजे एका फेऱ्यात जेमतेम 1.4 मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले, आणि चढावर तेवढे मारणं हे नवशिक्याला पुष्कळ झालं, तर तासाला पाच किलोमीटर. हा नेमका वेताळ टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठ नागरिकाचा वेग आहे. त्यामुळे तो पूर्ण चढभर आपल्या शेजारून चालतो. आपल्याला बोलता येत नसतं, त्याला येत असतं. ‘केवढ्याला घेतली?’ इथून सुरुवात होते आणि ‘उतरून हातात घ्या, लवकर पोचाल’ इथे वळण येतं. त्याचं म्हणणं चुकीचं नसतं. शिवाय टेकडीवरची पायवाट आधी चालणाऱ्यांची. आपण तिथे पाहुणे. घंटी नसली तरी ‘काका, डावीकडून येतो हं’ एवढं म्हणायला दम शिल्लक ठेवावा.

घरी आल्यावर दुसरा अध्याय. सायकल बिघडण्याआधी बोलते, आणि तिचं बोलणं ऐकायला शिकणं हे निम्मं देखभालीचं काम आहे. युक्ती सोपी. आवाज येत असताना पायडल मारायचं थांबवा आणि सायकल नुसती जाऊ द्या. आवाज थांबला तर तो पायडल, क्रँक, चेन या घराण्यातला. चालूच राहिला तर चाकांच्या घराण्यातला. पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘टक’ होत असेल तर क्रँकचा बोल्ट नाहीतर पायडलचे छर्रे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘झिंग’ होत असेल तर डिस्क किंचित वाकडी आहे. सततची खरखर म्हणजे गिअरची तार सैल झालेली. नव्या सायकलीची तार पहिल्या काही आठवड्यांत सैल पडतेच, त्यात सायकलचा दोष नसतो. मागच्या गिअरपाशी तार शिरते तिथली खाच असलेली छोटी गोल टोपी अर्धा फेरा सोडली की चेन पुन्हा जागेवर बसते. आणि सीटवरून उठून उभं राहिल्यावर आवाज बंद होत असेल तर सायकलचं काही दुखत नाहीये. सीटचा दांडा बाहेर काढून पुसा आणि पुन्हा बसवा. वजन वगैरे विषय त्यात आणू नका.

चेनला कोणतं तेल, हा पुण्यात सभा भरवून चर्चा करण्याजोगा प्रश्न आहे. तळमजल्यावरचे काका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या मते शिलाई मशीनचं तेल, बाकी सगळी लूट. समोरच्या वाड्यातल्या आजींच्या मते खोबरेल, कारण त्याने काय बिघडतं? बिघडतं असं की खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं आणि डिसेंबरातल्या पहाटे चेनवर पांढरा थर जमतो. शिलाई मशीनचं तेल उत्तम फिरतं, पण इतकं पातळ असतं की एका पावसात धुऊन जातं. मोटारीचं काळं तेल टिकतं, पण धूळही तेवढीच धरतं. आणि तेल अधिक धूळ म्हणजे खरवडायची पेस्ट, ती कड्याकड्यांना आतून घासत बसते. म्हणून सायकलचंच वंगण घ्यावं. कोरड्या दिवसांसाठी पातळ, पावसाळ्यासाठी चिकट. छोटी बाटली वर्षभर पुरते.

तेलापेक्षा पुसणं महत्त्वाचं, हे काकांनाही मान्य आहे. रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये जुना टूथब्रश बुडवून चेन घासायची, फडक्याने कोरडी करायची, वाळू द्यायची. मग आतल्या बाजूने प्रत्येक कडीच्या रोळावर एकेक थेंब. शंभराच्या वर कड्या असतात, जप केल्यासारखं होतं म्हणू नका, पण घाई मात्र करता येत नाही. पायडल उलटं फिरवत राहायचं आणि शेवटी बाहेरचं सगळं तेल पुसून टाकायचं. इथे नवशिक्याचा जीव तुटतो. आत्ताच तर घातलं! पण तेल लागतं ते रोळाच्या आत. बाहेर राहिलेलं तेल फक्त रस्त्यावरची धूळ घरी घेऊन येतं आणि पँटीच्या पायाला लावतं.

चेन झिजली का, हे बघायला शाळेतली फूटपट्टी पुरते. चेनच्या प्रत्येक पिनेपासून पुढची पीन अर्ध्या इंचावर असते, मग ती वडिलांची काळी सायकल असो की बारा गिअरची. म्हणजे नव्या चेनच्या चोवीस कड्यांत बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. पट्टीचा शून्य एका पिनेवर ठेवला आणि बाराव्या इंचावरची पीन सोळांश इंचाने पुढे गेलेली दिसली की चेन बदलायची. अष्टमांश गेली असेल तर उशीर झाला. ताणलेल्या चेनने मागच्या चक्रांचे दातेही आपल्या मापाचे करून घेतलेले असतात आणि मग चेन आणि चक्रं दोन्ही बदलावी लागतात. मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी या कामाला वापरू नये. तिच्या भूमितीच्या वहीवर ग्रीस उमटतं आणि शाळेतून चिठ्ठी येते.

देखभालीचा खरा कस लागतो दसऱ्याला. खंडेनवमीला पाना-पक्कड पुजायची आणि दुसऱ्या दिवशी वाहनं, हे आपलं ठरलेलं. सायकल धुवायची तर बादली, मग आणि फडकं. वॉशिंग सेंटरवर नेऊन जोराच्या फवाऱ्याखाली धरली तर पाणी बेअरिंगच्या झाकणांतून आत शिरतं आणि ग्रीस बाहेर काढतं. वरून सायकल चकचकीत दिसते आणि आतून दिवाळीपर्यंत गंजते. हळदीकुंकू हँडलला लावावं. झेंडूची माळ मागच्या गिअरजवळ लोंबू देऊ नये, कारण ते चक्र पाकळी आणि सुतळी यांत फरक करत नाही. आणि डिस्कला कोणी काही लावत नाहीये ना, यावर जातीने लक्ष ठेवावं. एका दसऱ्याला घरातल्या एका प्रेमळ हाताने सगळी सायकल खोबरेलाने पुसून लख्ख केली, डिस्क तर आरशासारखी. त्या दिवशी सोनं लुटायला निघालेली सायकल चौकात जी किंचाळली, तिने रस्त्यावरचं कुत्रं उठून उभं राहिलं. डिस्क स्पिरिटने पुसून निघते. तेल प्यालेले पॅड मात्र घासूनही पुष्कळदा सुधारत नाहीत, नवेच घ्यावे लागतात. डिस्कला बोटही लावायचं नाही, हा नियम घरात मग सोवळ्याच्या कडकपणाने पाळला गेला. घाट उतरून आल्या आल्या बोट लावणाऱ्याला नियम वेगळा सांगावा लागत नाही, डिस्क तेवढी तापलेली असते.

रस्त्याच्या कडेला पिंपळाखाली घमेल्यात पाणी घेऊन बसलेला पंक्चरवाला आणि गिअरची सायकल यांचं नातं जरा अवघडलेलं आहे. पंक्चर काढण्यात त्याचा कोणी हात धरणार नाही. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा बघायचा, कानशीने घासायचं, सोल्युशन लावून फुंकर मारायची, ठिगळ ठोकायचं. चाकाचा आऊट काढण्यात तर या लोकांची बोटं अशी की तारेला टिचकी मारून आवाजावरून ताण सांगतात. अडतं ते हवेवर. टायर अंगठ्याला दगडासारखं लागलं नाही तर हवा भरली असं त्याला वाटतच नाही, आणि काळ्या सायकलच्या अरुंद टायरला ते योग्यही होतं. सव्वादोन इंच रुंदीच्या टायरला मातीवर तीस-पस्तीस पौंड पुरेत. त्याच्या वर नेलं की टायर खड्यावर बसत नाही, उडतं. फार कमी ठेवली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच भोक असेल तर समजावं काटा. आपल्या टेकड्यांवर बाभळीला कमतरता नाही. तेव्हा ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा काढायचा. तो आत राहिला तर नवी ट्यूब घरापर्यंत पोचत नाही.

‘मामा, तीसच भरा,’ असं म्हटलं की मामा आधी आपल्याकडे बघतात, मग सायकलकडे. त्यातून ट्यूबचा व्हॉल्व्ह जर तो बारीक, डोक्यावर पितळी नट असलेला निघाला तर त्यांच्या यंत्राचं तोंड त्यावर बसतच नाही. अशा वेळी छोटंसं पितळी टोपण खिशात असावं. ते फिरवून बसवलं की व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा होतो. मामांना ते टोपण फार आवडतं. दोन घेऊन ठेवावीत.

पायडल काढायची वेळ आली तर मात्र मामांचंच ऐकावं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बाकी जगात जे डावीकडे फिरवून सैल होतं ते इथे घट्ट होतं, कारण सरळ आटे दिले असते तर चालवता चालवता डावं पायडल आपोआप सुटून आलं असतं. हे माहीत नसलेला धडधाकट माणूस लांब पाना घेऊन डाव्या पायडलशी झुंजताना बघणं ही पार्किंगमधली एक करमणूक आहे. तळमजल्यावरचे काका अशा वेळी दोन-तीन मिनिटं काहीच बोलत नाहीत.

पावसाळ्यात सायकल ठेवायची कुठे? गॅलरीत वाळत घातलेले कपडे, तुळस आणि कुंड्या यांच्यात तिला कोपरा मिळतो तो सशर्त. पार्किंगमध्ये ठेवली तर पोरं गिअर फिरवून बघतात. उभ्या सायकलचे गिअर बदलत राहिलं की ते सगळे बदल साठून राहतात आणि सकाळी पहिल्या पायडलला कडकड करत एकदम अमलात येतात. स्टँड नसल्यामुळे सायकल भिंतीला टेकवायची असते, आणि आडवीच करायची वेळ आली तर डाव्या कुशीवर. उजव्या कुशीला मागचा गिअर असतो. तो ज्या छोट्या कानाला टांगलेला असतो तो मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे आपटल्यावर कान वाकतो आणि चौकट वाचते. व्यवस्था शहाणपणाची आहे, पण वाकलेल्या कानाने एकही गिअर धड बसत नाही, आणि आपण उगाच तारेशी खेळत बसतो.

आता ज्याला नवी परवडत नाही, किंवा ‘केवढ्याला’ला तोंड द्यायचं धैर्य नाही, त्याने आपल्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारावी. 2020 च्या टाळेबंदीत सायकली धडाधड खपल्या. त्यांतल्या कितीतरी आज जिन्याखाली ओळीने उभ्या आहेत, टायर बसलेले, सीटवर धुळीचा थर, हँडलला कोणाची तरी रिकामी पिशवी. ‘फारशी वापरलेली नाही’ असं त्यांच्याबद्दल सांगतात आणि ते खरं असतं. टायरवरचे रबराचे बारीक केस अजून शाबूत असतात. अशा सायकलीत बघायचं ते चेनवर पट्टी, चाक उचलून फिरवून डिस्क घासते का, पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवली तर हँडलच्या मुळाशी खटखट होते का, आणि शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे ठिपके आहेत का. ठिपके असतील तर नमस्कार करून निघावं. बाकी सगळं दुरुस्त होतं.

मित्रासाठी अशी एक सायकल बघायला आम्ही कोथरूडला गेलो होतो. मालक सज्जन गृहस्थ. घेतल्यानंतर दोन-चारदा चालवली, मग खडखड करते म्हणून ठेवून दिली, असं म्हणाले. ठेवून दिलेल्या सायकलीची चाचणी कशी घेणार? म्हणून आधी त्यांच्याच पंपाने हवा भरली. चेन पुसली, माझ्या पिशवीतल्या बाटलीतलं वंगण घातलं, बाहेरचं पुसून काढलं. मागची गोल टोपी अर्धा फेरा सोडली. सीट चार बोटं वर घेतली, कारण तीही त्यांच्या आईच्या मापाने बसवलेली होती. मित्र एक फेरी मारून आला आणि खुणेने ‘छान आहे’ म्हणाला. मालक म्हणाले, ‘बघू, मीही एकदा चालवून बघतो.’ ते सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडले ते बराच वेळ आलेच नाहीत. वहिनींनी आम्हाला चहा दिला, मग पोहे दिले. परत आले तेव्हा शर्ट घामाने भिजला होता, आणि त्यांनी आधी विचारलं ते असं, की ती तेलाची बाटली कुठे मिळते.

व्यवहार अर्थातच झाला नाही. मित्राची उंची पाच फूट आठ इंच आहे. कोणाच्या जिन्याखाली मध्यम मापाची असेल तर कळवा, आम्ही येऊन बघून जाऊ. या वेळी मालकाला चालवायला देणार नाही.